एकोणीसचा वारा

हुकुमचंद बिसेनच्या हातातलं यंत्र एकोणीस दाखवत होतं. मुठीत मावेल एवढं ते यंत्र, वर इवलासा पंखा आणि खाली वाऱ्याच्या वेगाचा आकडा. पहाटे मुलीनं, दामिनीनं, ते त्याच्या हातात दिलं तेव्हा फोनवरचा अंदाज चौदाचा होता.

दवनीवाड्याच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक पिंप ठेवलं होतं. त्याला वळसा घालून सायकलवाल्या मुली एकेक करून परत फिरत होत्या. दहा किलोमीटर जायचं, दहा किलोमीटर यायचं. पस्तीस मिनिटांच्या आत पोचेल ती राज्याच्या शिबिराला जाणार. दामिनी मागच्या वर्षी अकरा सेकंदांनी राहिली होती आणि वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष होतं. त्यात चिठ्ठीत नंबर आला सगळ्यात शेवटचा. डिसेंबरात ऊन चढलं की ईशान्येचा वारा चढतो. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, नुसते कापलेल्या धानाचे ढीग, पुंजने, रचून ठेवलेले. वाऱ्याला अडवायला कोणी नव्हतं.

जाताना वारा पाठीशी होता, येताना छातीवर. पाठीवरचा वारा मिळाला की सगळ्या मुली उधळतात आणि परतताना त्यांचं पाणी होतं, असं दामिनीचं म्हणणं. महिनाभर ती रोज या रस्त्यावर दर किलोमीटरला उतरून, हात वर करून वारा मोजायची आणि फोनच्या अंदाजाशी ताडून पाहायची. धान कापणाऱ्या बाया तिला हसायच्या. शेवटी तिनं दोन बेत पक्के केले. वारा चौदाचा असला तर वळल्याबरोबर सगळा जोर लावायचा. अठराच्या वर गेला तर परतीचे पहिले चार किलोमीटर, उघड्या बांध्या संपेपर्यंत, हलक्या गिअरवर दम राखायचा आणि गावाची झाडी लागली की मग सुटायचं.

"बाबा, तुमी वळनावर फक्त आकडा सांगा," ती पहाटे म्हणाली होती. "दुसरं काई बोलू नका."

"जोर लाव, असंई नाई?"

"नाई."

हुकुमचंदला ही शिक्षाच होती. माणूस शंकरपटातला. पटात बैल सुटले की विचार संपला, उरतो तो आरडाओरडा. पंधरा वर्षं त्यानं जोड्या हाकल्या होत्या. दम राखून पळणारी जोडी त्यानं एकाच ठिकाणी पाहिली होती, बैलबाजारात, विकायला उभी.

आणि पहाटे सुटलेल्या दोन मुली तर पस्तीस मिनिटांच्या आत पोचल्याही होत्या. त्या वळणावर आल्या होत्या चौदा मिनिटं वीस सेकंदांत.

दामिनी दिसली. खाली वाकलेली, पाय एका लयीत, घाई कशाची म्हणून नाही. घड्याळ धरून उभे असलेले उदाराम मास्तर पुटपुटले, "पंधरा नऊ. पोरीची तब्येत बरी हाय ना, हुकुमचंद?"

हुकुमचंदनं हिशेब केला. पन्नास सेकंद मागं! त्यात एकोणीस सांगितलं तर ती आणखी हळू जाणार. चौदा म्हटलं की आत्ता, इथूनच, जोर लावणार. कोण विचारायला येतंय? यंत्र त्याच्याच हातात होतं. चौदा त्याच्या जिभेवर आलं.

पण त्या हसणाऱ्या बायांसमोर हात वर करून उभी असलेली पोर त्याला आठवली. तिचा सगळा महिना या एका आकड्यासाठी होता. तो खोटा कसा सांगायचा?

"एकोनीस!" तो पटात ओरडायचा तसा ओरडला.

तिनं मान हलवली. पिंपाला वळसा घातला, खटकन गिअर हलका केला आणि वाऱ्यात शिरली. सायकल बैलगाडीसारखी चालायला लागली. हुकुमचंदनं पाठ फिरवली. मास्तरांनी पिंप उचलायला घेतलं.

वीस मिनिटं तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला. मग फोन वाजला.

"बाबा, चौतीस बावन." दामिनीला अजून धाप लागली होती. "झालं आपलं."

हुकुमचंद ताडकन उठून उभा राहिला. एवढा आनंद त्याला कोणत्याही पटात झाला नव्हता आणि एवढी लाजही वाटली नव्हती. शेवटी सलत होतं ते तो बोलून गेला.

"बाई, मी चौदा सांगनार होतो."

"सांगतलं असतं तरी मी फसली नसती. तुमच्या खांद्यावरचा गमछा आडवा उडून राहिला होता. चौदाच्या हवेत तो एवढा उठत नाई."

हुकुमचंदनं खांद्यावरचा गमछा हातानं दाबून धरला.

"मंग मले वळनावर कायले उभा केला?"



"एकोनीस म्हनजे दम धर," दामिनी म्हणाली. "ते मले तुमच्या तोंडून आयकाचं होतं."