खेकड्याचं बीळ

"बाहेरचं तोंड गावत नाय!" पोपट बांधावरून काठीनं पाणी चाचपत ओरडला.

पुनवेचं उधाण. भर दुपार. खाडी बांधाच्या ओठाला लागली होती आणि आत, नुकत्याच लावलेल्या भातात, दोन जागी खारं पाणी बुडबुडत वर येत होतं. आतून कितीही चिखल थापला तरी पाणी तो ढकलून देई. बीळ बुजवायचं ते खाडीच्या अंगानं, आणि ते तोंड आता छातीभर पाण्याखाली. अजून तासभर पाणी चढणार होतं. तेवढ्यात बांध फुटून खांड पडली, तर साऱ्या गावाची शेतं तीन वर्षं मिठाची.

बायका ओळीनं चिखलाची घमेली पुढे देत होत्या. सवयीनं ओवी ओठांवर येई, अर्ध्यात तुटे.

खाऱ्या पान्याला बांध गो, गोड्या पान्याला वाट...

ओळीत काळुरामची बायको सरू होती. माहेराहून परत येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. काळुरामनं नव्वद दिवस दारूला हात लावला नाही, म्हणून आली. येताना एवढंच म्हणाली होती, "आता कायपन लपवलंस, तर माजं तोंड दिसायचं नाय."

काळुराम डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर. हे नव्वद दिवस त्याला हात धरून चालवलं ते दिनानाथनं. दिनानाथ ह्याच गावचा. दारूपायी त्याचं गाव सुटलं, मग रोह्यात दारू सुटली. रोह्यालगतच्या अष्टमी गावात बिऱ्हाड केलं. आता नऊ वर्षं तो दुसऱ्यांची सोडवत होता. काळुरामची शिफ्ट संपली की रोज त्याचा फोन. दर रविवारी रोह्याहून पहिल्या गाडीनं येई आणि काळुरामला ह्याच बांधावरून चालवी. "बांध लाटेनं नाय फुटत रं, खेकड्याच्या बिळानं फुटतो," म्हणे. वाकड्या तिवराच्या झाडाशी आला की मात्र गप्प होई. जरा थांबे. काळुरामला वाटे, म्हातारा दम खातो.

आजही रविवार. दिनानाथ त्याच्या शेजारीच उभा होता.

दोनांतलं एक तोंड काळुरामला ठाऊक होतं. खेकड्याचं बीळ. त्यानंच हात घालघालून रुंद केलेलं.

"दादा," तो पुटपुटला, "सांगितलं तर सरू जाईल."

"आनि नाय सांगितलंस तर?" दिनानाथचा आवाज कोरडा होता. तो काळुरामकडे बघत नव्हता.

काळुरामनं खाडीत उडी टाकली. श्वास धरला, खांद्यापर्यंत हात आत सारला. वर आला तेव्हा मुठीत क्वार्टर होती. भरलेली.

ओवी थांबली. घमेली थांबली.

"वा रं काळ्या! बांधात दुकान मांडलंस काय?" पोपट म्हणाला.

"सील तोडलं नाय गो," काळुराम सरूला म्हणाला. "पन ठेवली व्हती. लागली तर म्हनून."

पाणी आणखी बोटभर चढलं. सरूनं खाली वाकून चिखलात कालवलेला पेंढा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "आधी बुजव," म्हणाली. "माजं मी मग सांगीन."

त्यानं बिळात पेंढ्याचं बूच ठोकलं. आतला एक बुडबुडा शांत झाला.

दुसरा चालूच होता.

"ह्याचं तोंड कुठं हाय?" पोपट काठीनं पाणी ढवळू लागला. "काळ्या, अजून हायेत काय तुज्या?"

"नाय. आईच्यान एकच."

दिनानाथनं चपला काढल्या. बांधावर नीट जोडून ठेवल्या. वाकड्या तिवरापर्यंत चालत गेला आणि पाण्यात उतरला. काठी मागितली नाही, चाचपलं नाही. एकाच दमात त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला.

"काळुराम, पेंढा घेऊन ये," वर न बघता तो म्हणाला. "नऊ वर्षांचं माजं बीळ हाय. माजा एकल्याचा हात नाय पुरायचा."