कच्चा साक्षीदार

“पार्टिशनची खोली? कोणी सांगितलं तुम्हाला?” अनिलराव खदखदून हसले. “अहो, दुबईत अल मनखूलच्या ह्याच फ्लॅटमध्ये वाढला आमचा कैवल्य. स्वतःची खोली होती त्याला. चोवीस तास एसी. स्कूल बसपर्यंत सोडायला मेड जायची. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही पोराला!”

समोरच्या अंकुरने मान डोलावली. कॅनडातल्या एका पेपरसाठी मुलाखत हवी, असं सांगून तो आला होता. बोलायला गोड होता. त्याचा फोन टीपॉयवर रेकॉर्डिंग करत पडला होता.

अनिलरावांना आज कोण थांबवणार? पोरगा कॅनडात शिकायला गेला, वकील झाला, कोर्टात नाव काढलं, मग निवडून आला. येत्या रविवारी पक्ष त्याला नेता करणार होता, आणि स्टेजवर त्याच्या शेजारी आईवडील उभे राहणार होते. अनिलरावांचा सूटही शिवून झाला होता. आखातात उभा जन्म काढला तो ह्याच दिवसासाठी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“पण कैवल्य सर तर प्रत्येक स्पीचमध्ये सांगतात,” अंकुर म्हणाला, “एका रूममध्ये प्लायवूड लावून आठ लोक राहायचे. फादर लेबर होते. कधी कधी रात्री जेवणच नसायचं.”

अनिलरावांचं हसू मावळलं.

“लेबर? हमरियाच्या फॅक्टरीत मॅनेजर होतो मी! जाऊन विचारा कोणालाही.”

अंकुरने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.

“काका, मी पेपरवाला नाही. सरांच्या टीममध्ये आहे. त्यांनीच पाठवलं मला, तुमची परीक्षा घ्यायला.”

मग त्याने आवाज जराही न चढवता सगळं समजावलं. विरोधकांना गरिबीच्या ह्या गोष्टीबद्दल संशय आला होता. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर, असा त्यांनी धोशाच लावला होता. स्टेजवर आलेल्या बापाला तिकडचे पत्रकार सोडणार नव्हते.

“सर वकील होते तेव्हापासूनचा त्यांचा रूल आहे. विटनेस कच्चा असेल तर त्याला कोर्टात उभंच करायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिकिटं कॅन्सल. प्रेसला सांगू, तब्येत बरी नाही.”

“त्याला फोन लाव,” अनिलराव म्हणाले.

अंकुरने लगेच लावला. कैवल्यचा आवाज थंड होता.

“बाबा, जस्ट ट्राय अगेन. मी स्पीचमध्ये सांगतो तसं. प्लीज.” आणि फोन बंद झाला.

अनिलरावांना आधी राग आला. मग पोराची लाज वाटली. आणि मग भीती वाटली. आपण नाही म्हटलं तर हा खरंच आपल्याशिवाय उभा राहील, हे त्यांना कळून चुकलं.

“यल्ला, चला काका. पहिल्यापासून,” अंकुरने रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं.

अनिलराव बोलू लागले. आधी अडखळले. प्लायवूड म्हणाले, आठ जण म्हणाले. मग जीभ सैल झाली आणि अंकुरने न सांगितलेलंही तोंडून येऊ लागलं. उन्हात विटा वाहून सोललेले खांदे. फाटक्या दप्तराचं पोर. त्या पोराला भरवून स्वतः उपाशी झोपणारी आई, तिने गुपचूप विकलेलं मंगळसूत्र. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांना खरंच धार लागली.

“परफेक्ट,” अंकुर म्हणाला.

तेवढ्यात हुंदका ऐकू आला. त्यांच्या पत्नी अर्चनाताई भाजी घेऊन आल्या होत्या आणि केव्हापासून दारातच थबकल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

“अगं बाई, काय काय सोसलं हो बिचारीने,” त्या म्हणाल्या. “कोण हो ती?”