बरोबर जाळं

ठिपके आणि रेघांची दोन जाळी दिसायला वेगळी, पण मुळात एकच आहेत का, हे झटपट ओळखायची हमखास रीत प्राध्यापकमहाशयांना जन्मभर सापडली नव्हती. बायको म्हणाली, "आणा इकडे, मी सांगते."

त्यांनी दोन जाळी तिच्यापुढे ठेवली. मग तिच्याकडे पाठ करून त्यांतल्या एकाचे ठिपके हलवून नवं चित्र काढलं. "हे कोणत्या जाळ्याचं?"

दोन्हींवरून सावकाश बोट फिरवत ती दर वेळी बरोबर सांगायची. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी पेन बदललं, कागद बदलला, मागचा आरसाही झाकला. तरी तेच!

"तू बघतेस तरी काय?"



"तुम्हाला. बोट बरोबर जाळ्यावर आलं की तुम्ही कान चोळता. काल मी कॉलेजातल्या नव्या मॅडमचं नाव काढलं, तेव्हाही चोळलात."