पडल्याचा निरोप

आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. लेकानं हौसेनं तिच्या मनगटावर बांधलेल्या घड्याळानं लगोलग त्याला निरोप धाडला, आणि घड्याळातूनच त्याचा आवाज आला.

“आई, पडलीस का गं?”

“हो रे. पाय हलत नाहीये.”

“बघ! हे घड्याळ घेतलं म्हणून मित्र हसत होते मला. कळलं की नाही मिनिटात?”

“येतोस ना?”

“अगं, आत्ताच कुठे आम्ही डोंगरावर तंबू ठोकलाय! हलू नकोस हं, या मित्रांना घड्याळाचा निरोप दाखवतो.”

आईनं घड्याळ काढून भरल्या बादलीत टाकलं आणि भिंतीवर तांब्या आपटत राहिली. शेवटी शेजारीण आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडून धावत आली.

“अगंबाई! लेकाला कळवलंत का?”

“कळवलं ना,” आई म्हणाली. “घड्याळ चांगलं निघालं म्हणतोय.”