अकरा माणसं

ग्वायाकिलच्या हमरस्त्यावर, आमच्या वस्तीसमोरच, दोन्या सोइलाची, म्हणजे आमच्या सोइलाबाईची, मुलगी येसेनिया गाडीखाली सापडून गेली. त्याच वर्षी शहरात गर्दी मोजून आपोआप बदलणारे सिग्नल बसले. अपघात कमी झाले, धूरही कमी झाला. आमच्या वाट्याला मात्र रस्ता ओलांडणारी माणसं मोजणारा नुसता कॅमेरा आला.

"दोन्या, इथून दिवसाला अकराच माणसं रस्ता ओलांडतात," सिग्नल खात्याचा इंजिनिअर म्हणाला. "एवढ्यांसाठी यंत्र सिग्नल मंजूर करत नाही."

"बाकीचे जिवाच्या भीतीने दोन किलोमीटर वळसा घालतात रे बाबा! त्यांना कोण मोजणार?"

"मग मोजू दे तुझ्या यंत्राला," म्हणत ती घरोघर सांगत फिरली. सोमवारी पहाटेच अख्खी वस्ती रस्त्यावर उतरली. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, दुकान बंद करून आलेला न्हावी. धावत्या गाड्यांमधून आम्ही जीव मुठीत धरून पलीकडे जायचो आणि तसेच परत यायचो. ड्रायव्हर शिव्या घालत होते. दोन्या सोइला तर एकदाही टेकली नाही. मुलगी जिथे गेली, त्याच जागेवरून ती दिवसभर चालत राहिली.

मंगळवारी सकाळी इंजिनिअरचा फोन आला. आवाज पडलेला होता. "यंत्राने कालचा दिवस वगळला, दोन्या. एरवी अकरा आणि एकाच दिवशी चार हजार, म्हणजे देवाची मिरवणूक असणार, असं धरलं त्याने."

दोन्या सोइलाने सुजलेले पाय पुन्हा चपलांत सरकवले.

 

"मग सांग त्याला, आजपासून आमच्याकडे रोज मिरवणूक आहे."