यंदाचं वाण

अर्धांगवायू झाल्यापासून श्रीधररावांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागे. तरी खारघरच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवासाठी त्यांनी सकाळभर अडखळत बायकोला, सुचिताताईंना, उखाणा रचून दिला. "हाच घे," ते म्हणाले. "टाळ्या पडतील."

खाली हॉलमध्ये शेजारच्या स्मिताने जाहीर केलं, "यंदा नवऱ्याचं नाव नको हं, काकू. मिनिटभर फक्त स्वतःचा विचार करायचा आणि स्वतःचंच नाव घ्यायचं."

सुचिताताईंनी डोळे मिटले. शाळेच्या उतारावरची एक मुलगी त्यांना आठवली.

"सायकल सुटली उतारावर, हात सोडले दोन्ही,
सुचिता माझं नाव, मला अडवलं नाही कोणी."

टाळ्या थांबेचनात. मग सगळ्यांना मिळाली तशी स्टीलची वाटी त्यांनाही मिळाली. दर वर्षीचं असलं वाण त्या न उघडताच माळ्यावर टाकत. ही वाटी मात्र लिफ्टमध्ये पदराने पुसत, उलटसुलट करून बघत त्या घरी आल्या.

श्रीधरराव दाराकडेच बघत होते. "टाळ्या... पडल्या?"

"खूप पडल्या."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. "मी... म्हटलंच होतं."

खोटं बोलायचं नाही, हा सुचिताताईंचा रोजचा नेम. तो आजही मोडला नव्हता. घरात आलेली नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची, म्हणून त्या देव्हाऱ्याशी गेल्या, आणि वाटी पदराआड धरून तशाच उभ्या राहिल्या.