पळीभर शाई

"आले का?" लक्ष्मणबुवांनी डोळे न उघडताच विचारलं.

"आले, आप्पा," मंदाकिनी म्हणाली. "पदकांसकट."

बळवंतराव हुजूर कचेरीतून निवृत्त झाले, तरी त्यांचा पांढरा कोट सुटला नव्हता, आणि कोटाच्या खिशाला लावलेली चार फाउंटन पेनंही. सारा नागरवाडा त्यांना पदकं म्हणायचा. "वाडवडिलांनी तलवारीवर मिळवली, आम्ही निबेवर," असं म्हणून बळवंतरावही हसायचे.

आज ते हसले नाहीत. आठ दिवस मुके पडलेले बुवा दुपारी एकाएकी बोलायला लागले होते. वैदराज जाताना उंबऱ्यातच बुवांच्या पत्नी गंगाबाईंना हळूच सांगून गेले होते, "बोलू द्या. अडवू नका." आणि बुवांना आपल्या कीर्तनातला जटायूच सांगायचा होता. तीस वर्षं त्यांच्या जटायूला बडोद्यातली माणसं डोळे पुसत उठली, पण तो लिहून घ्यायची परवानगी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. "लिहिलेलं शिळं होतं, बळवंतराव." आता नऊ दिवसांवर रामनवमी आली होती आणि बुवांच्या जागी त्यांची लेक मंदाकिनी कीर्तनाला उभी राहायची होती. पदं तिला पाठ होती. मधलं निरूपण मात्र बुवांच्या ओठांवाचून कुठेच नव्हतं.

बळवंतरावांनी मांडी घातली, कागद सारखे केले, काळं पेन काढून टोपण उघडलं. आणि त्यांचा हात तसाच राहिला.

आज फाल्गुनातली अमावास्या. दर वर्षी या दिवशी ते चारही पेनं कोमट पाण्यात धुऊन कोरडी करायचे आणि पाडव्याला पूजा करून नवी शाई भरायचे. सकाळीच धुतली होती. निरोप आला तसे सवयीने छातीला लावून निघाले होते.

"कोरडी आहेत," ते म्हणाले. "चारही."

"एवढी पदकं," गंगाबाई म्हणाल्या, "आणि नेमकी लढाईच्या दिवशी..." आत जाऊन पोथ्यांची दौत आणि बोरू घेऊन आल्या. काजळीची शाई, डिंक घालून त्यांनीच घोटलेली.

मंदाकिनीने बुवांच्या ओठांशी कान नेला. ते पुटपुटत, ती मोठ्याने म्हणे, बळवंतराव लिहीत. पण बोरू दर दोन-तीन शब्दांना दौतीत जायचा आणि तो वर येईपर्यंत बुवा रावणाच्या रथामागे पुढे निघून गेलेले असायचे.

"मागचं काय म्हणाले?"

"मागचं गेलं, काका. ते थांबत नाहीत."

बळवंतरावांनी दौतीकडे पाहिलं. काजळीची शाई फाउंटन पेनात घालू नये. निबेमागच्या बारीक वाटेत डिंक एकदा बसला की निघत नाही, पेन जन्माचं जातं. हे त्यांनीच अर्ध्या बडोद्याला बजावलं होतं. सख्ख्या भाच्याने एकदा न विचारता पेन उचललं, तर महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

"वहिनी, पळी द्या."

"देवाची?"

"देवाचीच."

पळीने शाई काळ्या पेनाच्या पोटात गेली, थोडी बाहेर ओघळली. पेन धावलं. दीड पान झालं आणि रेघ बारीक झाली, तुटली. बळवंतरावांनी ते खाली ठेवून दुसरं घेतलं, कचेरीतल्या मंडळींनी निरोपाला दिलेलं हिरवं. ते पानभरसुद्धा टिकलं नाही. तिसरं महाराजांच्या हीरक महोत्सवाच्या वेळी हौसेने घेतलेलं, सोन्याच्या निबेचं. जटायूने रथ अडवला, चोचीने धनुष्य मोडलं, आणि सोन्याची निब कागदावर कोरडी खरडू लागली.

चौथं त्यांच्या पत्नी रखमाबाईंनी दिलेलं होतं. त्या गेल्यापासून बळवंतराव रोज पहाटे त्याच पेनाने पानभर रामनाम लिहीत. दुसरं काही त्याने लिहीत नसत. ते त्यांनी खिशातून काढलं खरं, पण हातातच धरून बसले. गंगाबाई पळी भरून उभ्या होत्या.

बुवांनी डोळे उघडले. कुणाकडे पाहत होते कळेना.

"पंख गेले," ते पुटपुटले, आणि मंदाकिनीने ते म्हटलं. "रक्त गेलं. मग हा पक्षी अजून श्वास का धरून बसलाय, श्रोतेहो? रामाला वाट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय त्याला मरायला सवड नाही."

बळवंतरावांनी पेन उघडून पळीखाली धरलं.

फक्त पुटपुटणं, मंदाकिनीचा आवाज आणि निबेची कुरकुर. राम आला. त्याने जटायूचं डोकं मांडीवर घेतलं. जटायू म्हणाला, 'रामा, तिला नेली...' आणि पेन थांबलं. बळवंतरावांनी झटकलं, दाबलं. मग त्यांनी ते दौतीत बोरूसारखं बुडवलं आणि उरलेला शब्द लिहिला: दक्षिणेला.

"आलं सगळं?" बुवांनी विचारलं.

"सुरुवातीची चार वाक्यं सुटली, बुवा."

"ती पोरगी आपली घालील," बुवा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. छाती हळूहळू वरखाली होत राहिली.

गंगाबाईंनी पळी पदराने पुसली. "भावोजी, उद्या पाडवा. पूजेला काय मांडाल?"

एकेक टोपण लावून बळवंतरावांनी चारही पेनं होती तशी छातीवर अडकवली. मंदाकिनीने पहिलं पान उचललं, घसा साफ केला आणि उभी राहून म्हणायला लागली. अंथरुणावर बुवांचं एक बोट ताल धरत होतं.

पांढऱ्या कोटावर चार काळे डाग पसरत चालले होते. बळवंतराव मान वर करून ऐकत होते.